त्या वर्षीचा पांढरा

दसरा झाला की यवतमाळच्या रस्त्याकडेच्या बाभळींना कापूस लागतो. बाजाराकडे निघालेल्या गाड्या दोन्ही बाजूंनी फुगलेल्या असतात, आणि बाभळीचे काटे जाता जाता आपला वाटा काढून घेतात. त्यातले दोनचार पुंजके उडत उडत माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन पडतात. मी ते लगेच झाडत नाही. संध्याकाळपर्यंत त्यांचा रंग बघत बसते, मळले की झाडते.

रंग बघणं हा माझा धंदाच आहे. माझं मॅचिंग सेंटर आहे. बायका साड्या घेऊन येतात, मी ब्लाउजपीस, अस्तर, फॉल जुळवून देते. कुणी पांढरा मागितला की मी विचारते, कोणता पांढरा? दुधी, मोतिया, सायीचा, हाफव्हाईट, की नीळ जास्त झालेला? गिऱ्हाईक वैतागतं. नवरा मात्र या प्रश्नाला कधी वैतागला नाही, कारण तो चित्रकार आहे. मला बघायला आला तेव्हा त्याने पोह्यांची ताटली बाजूला ठेवली, माझ्या पदराकडे निरखून बघितलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "हा जांभळा आहे की वांगी?" माझे वडील खाकरले. मी म्हटलं, वांगी. लग्न तिथेच ठरलं असं मी आजही सांगते, आणि तो आजही म्हणतो की जांभळाच होता.

या आठवड्यात ताईंचा फोन आला. यमुनाताई म्हणजे त्याची थोरली बहीण, माझी नणंद. महागावच्या अलीकडे त्यांचं वावर, म्हणजे शेत, आहे. "सुधा, मधूले सांग, वावर फुटलं," त्या म्हणाल्या. "परवा सीतादही करतो. त्याची पात ठेवून राह्यली मी. डोळ्याचं मले मालूम हाय. तरी सांगजो."

वावर फुटलं म्हणजे बोंडं उमलली, आणि सीतादही ही वेचणीच्या सुरुवातीची पूजा. वेचणाऱ्या प्रत्येक बाईने धरायच्या ज्या ओळी असतात, ती तिची पात. ताईंच्या वावरात एक पात दरवर्षी कुणीच धरत नाही. ती त्याची. त्याचं चित्र होईपर्यंत तिला हात लावायचा नाही, असा त्या घरात नेम आहे. यंदा त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. डॉक्टरांनी ऑपरेशन दिवाळीनंतर सांगितलंय, तोवर चित्रं बंद ठेवा असंही सांगितलंय. मी फोनवरचा निरोप सांगितला तेव्हा तो खुर्चीत डोळे मिटून बसला होता. थोड्या वेळाने मोरीतून टर्पेंटाइनचा वास आला. ब्रश धुणं चाललं होतं.

"डॉक्टर काय म्हणाले?" मी विचारलं.

"कापूस थांबते का डॉक्टरसाठी?" तो म्हणाला.

मग मला तो हंगाम आठवला. तसा तो दरवर्षीच आठवतो, पण यंदा पायरीवरच्या पुंजक्यांतून उठून घरात येऊन बसला.

आधी या माणसाबद्दल सांगायला हवं. लहानपणी त्याने गेरूने आणि कोळशाने गावातल्या भिंती रंगवल्या आणि मार खाल्ला. नागपूरला चित्रकला शिकला. तिथे बरोबरीची मुलं त्रिकोण, चौकोन आणि डोळे नसलेली माणसं काढायला लागली. हा आपला रविवारी सायकल काढून शहराबाहेर जायचा आणि पळस काढून आणायचा. शिकून परत आला, यवतमाळच्या एका शाळेत चित्रकलेचा मास्तर झाला. दुकानांच्या पाट्या रंगवल्या, निवडणुकीत भिंती रंगवल्या, गॅदरिंगचे पडदे रंगवले. हे सगळं घर चालावं म्हणून. स्वतःसाठी त्याने आयुष्यभर एकच गोष्ट काढली, ती म्हणजे आमच्याकडची जमीन. काळी माती, मोहाची झाडं, सागाचे डोंगर, नाले, कापसाची पऱ्हाटी. त्याची चित्रं दातांच्या दवाखान्यात लागली, एका मंगल कार्यालयात लागली. फोटोच काढा ना सर, एवढी मेहनत कशाला, असं त्याला किती जणांनी ऐकवलं असेल. तो हसून म्हणायचा, फोटोत माती काळी येते.

माती काळी नसते, हे मी त्याच्याकडून शिकले. सकाळी तिच्यात निळा असतो, दुपारी तपकिरी, नांगरल्यावर ओल असेल तिथे जांभळ्याच्या जवळ जाणारा.

रविवारी तो स्कूटरला लाकडी घोडी बांधून निघायचा. कॅनव्हास ठेवायची ती तीन पायांची घोडी वावरात उभी राहिली की आजूबाजूचे लोक काम टाकून येत. आमच्याकडे तीन पायांचं काहीतरी घेऊन वावरात उभा राहणारा माणूस एकच, तो मोजणीवाला. एकदा आर्णीच्या रस्त्याला एक म्हातारबा काठी टेकत आले आणि म्हणाले, "साहेब, रस्ता न्यायचा तं पलीकडच्या वावरातून न्या. माह्या वावरात आत्ताच हीर खणली." याने कॅनव्हास फिरवून दाखवला. म्हातारबांनी बराच वेळ बघितलं, मग बोट ठेवून विचारलं, "हीर कुठं हाय याच्यात?" विहीर झाडामागे होती, दिसत नव्हती. पण त्यांना ती हवी होती, कारण एवढी मेहनत करून खणलेली. त्या दिवशी हा घोडी उचलून पन्नासेक पावलं बाजूला सरकला आणि विहीर दिसेल तिथून सगळं पहिल्यापासून काढलं. नसलेलं काढायचं नाही. असलेलं दिसत नसेल तर आपण सरकायचं. हा त्याचा कायदा.

तो हंगाम कापसाच्या वाईट वर्षांतला होता. आमच्या जिल्ह्याचं नाव तेव्हा सारखं पेपरात असायचं, कशासाठी ते सांगायला नको. मोठ्या शहरांतून गाड्या यायच्या, गळ्यात कॅमेरे अडकवलेली माणसं चौकात रस्ता विचारायची. त्या वर्षी बोंडांत अळी शिरली. दसऱ्याला नको असलेला पाऊस आला. पानांवर लाल्या पडला, म्हणजे हिरवं पान कडेकडेने लाल होत जातं आणि झाडाचा जीव जातो. बोंडं अर्धवट उमलली. आतला कापूस पिवळट, चिकटलेला, अळीने खाल्लेला. त्याला कवडी म्हणतात. वेचणाऱ्या बाया कमरेच्या ओटीत चांगला कापूस टाकतात आणि कवडी वेगळी ठेवतात. त्या वर्षी वेगळं ठेवायला चांगलाच कापूस सापडत नव्हता.

आणि त्याच वर्षी त्याला ती संधी आली. मोठ्या शहरातल्या एका कलादालनाच्या मालकांनी त्याची चित्रं कुठेतरी पाहिली आणि कळवलं की कापसाच्या प्रदेशावर एक मोठं चित्र करा. ते पसंत पडलं तर तुमच्या एकट्याचं प्रदर्शन लावू. त्याची पन्नाशी उलटली होती. एकट्याचं प्रदर्शन त्याचं कधी झालं नव्हतं. तो चार दिवस कुणाशी धड बोलला नाही, आणि मला कळलं की याला हे फार हवंय.

दिवाळीची सुट्टी लागल्याबरोबर आम्ही एसटीने ताईंकडे गेलो, कॅनव्हास टपावर बांधून. ताईंचं त्या वर्षी वेगळंच चाललं होतं. भाटवे, म्हणजे त्यांचे यजमान, वणीला कोळशाच्या ट्रकवर. पंधरा दिवसांनी घरी यायचे. वावर ताईच बघायच्या. पण घरात शब्द चालायचा तो त्यांच्या भासऱ्यांचा, म्हणजे थोरल्या दिरांचा. आणि भासरे म्हणायला लागले होते की बाईच्या हाती दिलं म्हणून पीक गेलं. पुढच्या साली वावर दुसऱ्याला ठोक्याने, म्हणजे ठरावीक रकमेवर वर्षभर कसायला, देऊन टाकू. ताईंनी त्या वावरात वय घातलं होतं. नवीन लग्न होऊन आल्या तेव्हा तिथे निम्मी जागा पळसाच्या झुडपांनी भरलेली होती, ती त्यांनी हातांनी मोकळी केली होती. ते वावर सुटलं असतं तर त्या दुसऱ्याच्या वावरात ओटी बांधून गेल्या असत्या. कामाचं त्यांना काही वाटलं नसतं. धुऱ्यावरून, हद्दीच्या कडेवरून, आपल्याच मातीकडे परक्यासारखं बघणं त्यांना जमलं नसतं.

तरी त्यांनी सीतादही केलं. वेचणीच्या पहिल्या दिवशी वावराच्या कोपऱ्यात दगड मांडतात, चुना-कुंकू लावतात, पिकावर दहीभात शिंपडतात. कवडीवर दहीभात शिंपडताना त्यांचा हात नेहमीसारखाच सैल होता. मग भावाला म्हणाल्या, "कोणती पात पाह्यजे तुले? सांग, ते वेचत नाही." पाऊस कधीही येईल असं आभाळ होतं, झाडावर राहिलेला कापूस आणखी खराब झाला असता. तरी त्यांनी पात ठेवली. तेव्हापासून हा नेम आहे.

तो मोहाखाली उभा राहिला आणि त्याने काढायला घेतलं. सकाळी दव वाळल्यापासून ऊन पिवळं होईपर्यंत. लाल्या पडलेली पानं उन्हात अशी दिसायची की माझ्यासारख्या रंग विकणाऱ्या बाईचेही डोळे खिळून राहावेत. डाळिंबी, विटकरी, मधेच हिरवी शीर. तो एकदा भान विसरून म्हणाला, "ताई, काय रंग आला आहे." ताई वेचता वेचता कंबर सरळ करून उभ्या राहिल्या. "रोग हाय थो, बाबू," एवढंच म्हणाल्या आणि पुन्हा वाकल्या. त्या दिवशी तो जेवायला बसला तेव्हा नुसतंच पिठलं चिवडत होता. मला त्याचा राग आला होता आणि कीवही. पण दुसऱ्या दिवशी त्याने पानं तितकीच लाल काढली. होती तितकीच.

दालनाचे मालक स्वतःच आले, गाडी करून. वावरापर्यंत चालत आले, बूट मातीने जड झाले तरी कुरकुरले नाहीत, माणूस सभ्य होता. चित्र बघून ते थोडे मागे सरले. "फार सुंदर आहे हो," म्हणाले, आणि त्यात कौतुक नव्हतं. "लोकांना हे बघून वाटेल काय, की इथे सगळं छान चाललंय. हा लाल पुसून टाका. जमिनीला भेगा दाखवा. झाड वठलेलं असू द्या. मग बघा, हे चित्र कुठल्या कुठे जाईल."

"भेगा एप्रिलात पडतात, सर," हा म्हणाला.

"चित्रात महिना कोण बघतो?"

"इथले लोक पाहतात."

"इथले लोक प्रदर्शनाला येणार आहेत का?"

हा पॅलेटवरचा रंग सुरीने गोळा करत राहिला. त्यांनी दिवाळी संपेपर्यंत विचार करा म्हणून सांगितलं आणि ते गेले. मी तेव्हा मनात म्हटलं, चार भेगा काढून टाक बाबा, आयुष्यात एकदा काय बिघडतं. तोंडाने बोलले नाही, कारण उत्तर माहीत होतं.

ताई हे सगळं पातीतून ऐकत होत्या. पाहुणे गेल्यावर चित्रासमोर आल्या. हातात कवडीचा पुंजका होता, तो त्यांनी चित्रातल्या कापसाजवळ धरला. तोच पिवळट, मेणचट, कडेला तपकिरी डाग असलेला रंग. कुठे जास्त नाही, कुठे कमी नाही.

"हे पेपरात येईन?" त्यांनी विचारलं.

"येऊ शकते."

"भासरे पाहीन मंग. गाव पाहीन. वावर कोणाचं हे मोहाच्या झाडावरून कोणीबी सांगन." त्यांनी पुंजका मुठीत घेतला. "मधू, वावरात तं झाला नाही. चित्रात तरी पांढरा काढ."

मी दुसरीकडे बघायला लागले. भेगा मागणाऱ्याला नाही म्हणणं सोपं होतं. ज्या बहिणीने त्याला शिकायला पाठवायचं म्हणून स्वतःची शाळा सोडली, तिला नाही कसं म्हणायचं? त्याने ब्रश पुसला. मग म्हणाला, "ताई, तू जे वेचलं थेच काढीन."

ताई पुंजका घेऊन पुन्हा वेचायला गेल्या. त्याची पात मात्र राखली, चित्र पुरं होईपर्यंत. मग वेचली. आम्ही निघालो तेव्हा नेहमीसारखी डाळीची पिशवी माझ्या हातात दिली, पण एसटीपर्यंत आल्या नाहीत. त्यानंतर उन्हाळा लागेपर्यंत त्या घरून फोन आला नाही. प्रदर्शनही झालं नाही. नंतर पेपरात दुसऱ्या कुणाच्या तरी प्रदर्शनाची बातमी आली, त्यात भेगाच भेगा होत्या. याने ती वाचली, पेपरची घडी घातली आणि शाळेत गेला. रविवारी स्कूटरला पुन्हा घोडी बांधली. ती बांधताना त्याने दोरी अशी काही करकचून ओढली की मला वाटलं, आता घोडी मोडते. मोडली नाही.

चित्र घरात मावेना, म्हणून मी ते दुकानात लावलं, अस्तरांच्या थानांच्या वर. बायका लाल पानं दाखवून विचारायच्या, या रंगात पीस आहे का? तीनचार ठिकाणी चित्रात खरे तंतू चिकटलेले आहेत, ओल्या रंगावर वाऱ्याने आलेले. ते त्याने काढले नाहीत, आणि मीही पुसताना जपून पुसते.

मग लग्नसराईत ताई आल्या. पुतणीचं लग्न होतं, साड्यांना अस्तर-फॉल घ्यायला भासऱ्यांबरोबर आल्या होत्या. ताईंनी वर बघितलं आणि डोळे खाली घेतले. भासरे मात्र बघत राहिले. उंच, गंभीर माणूस, टोपी काढून हातात धरलेली. मी थान उलगडायचं सोडून उभी राहिले. आता हे काय बोलतात याची ताईंना किती भीती वाटत होती ते त्यांच्या बोटांवरून कळत होतं; हातातल्या फॉलचा त्यांनी चोळामोळा केला होता.

"हे आपलं वावर," भासरे म्हणाले. मग जवळ गेले. "कवडीच होती त्या साली. बरोबर हाय." पुढे त्यांनी बोट उचललं आणि ओळींच्या मधून हवेत फिरवत नेलं, या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत. "तण नाही कुठं. एक काडी नाही."

त्यांचं बोट खाली सरकलं.

"धुरेबी साफ. नाल्याच्या बाजूले बांध घातलेला दिसते. हा तू कवा घातला?"

"पावसाच्या पहिले," ताई म्हणाल्या. "म्या न् मजुरीवाल्या कौतिकाबाईनं. तुम्ही आलतेच कुठं पाहाले."

भासऱ्यांनी टोपी डोक्यावर ठेवली. "आमच्या वाट्याच्या वावरात कमरेइतकं तण होतं," ते म्हणाले, स्वतःशीच बोलल्यासारखं. "अन् कवडी तं आमचीबी कवडीच होती." वावर ठोक्याने द्यायची गोष्ट त्या घरात नंतर कुणी काढली नाही.

मी पुष्कळदा त्या चित्राखाली बसून विचार करते. त्याने भेगा काढल्या असत्या तर ताईंचं वावर ताईंवरच उलटलं असतं; बाईच्या हाती जमीन अशी झाली, असं भासरे म्हणाले असते. कापूस पांढरा काढला असता तर भासरे हसून म्हणाले असते, चित्रात काय, काहीही काढता येते; आणि मग साफ धुऱ्यांवरही त्यांचा विश्वास बसला नसता. पिवळा खरा होता म्हणून बांधही खरा ठरला. हे त्याला तेव्हा माहीत होतं का? नव्हतं. त्याला फक्त इतकं माहीत होतं की समोर जे आहे त्यापासून हलायचं नाही. कधी कधी मला वाटतं, हट्ट आणि साधना यांत फरक एवढाच की साधनेला आपण नंतर नाव देतो.

परवा आम्ही गेलो. आता एसटीच्या टपावर काही चढवत नाहीत, कॅनव्हास लहान असतो, मांडीवर मावतो. सीतादही झालं. यंदा पाऊस वेळेवर आला होता, अळी फारशी लागली नाही, बोंडं पूर्ण उमलली होती. वावर असं फुटलं होतं की माझ्याकडचे सगळे पांढरे त्याच्यापुढे मळके वाटावेत. ताई आता वाकताना गुडघ्यावर हात ठेवतात, पण पात धरतात. त्याची पात मोहासमोर, अगदी भरलेली.

त्याने घोडी चाचपडत उभी केली. डोळे बारीक करून बघितलं, मग मोठे करून बघितलं. डोंगर, मोह, माती, सगळं हाताला पाठ आहे, ते भराभर आलं. मग त्याने पांढरा घेतला, आणि त्यात पिवळ्याचा ठिपका मिसळला, मग अजून एक. मी मागेच उभी होते. पहिल्याच फटकाऱ्याला मला कळलं. हाफव्हाईट. मोतीबिंदूच्या डोळ्यांना सगळं तसंच दिसतं, मेणचट, पिवळट. तो अगदी प्रामाणिकपणे समोर दिसतंय ते काढत होता, आणि चित्रात त्या वर्षीचा कापूस उतरत होता.

जन्मभर डोळ्यांवर विसंबलेल्या माणसाला तुझे डोळे खोटं सांगतायत असं कसं सांगायचं? आज गप्प बसावं, ऑपरेशन झाल्यावर त्याचं त्यालाच दिसेल, असं मी ठरवत होते. तेवढ्यात पातीतून ताई उठल्या. ओटी भरलेली होती, ती सावरत आल्या, चित्रासमोर उभ्या राहिल्या. मग ओटीतून मूठभर कापूस काढला आणि कॅनव्हासवरच्या ओल्या रंगाजवळ धरला, तेव्हा धरला होता तसाच.

"मधू, हे कवडी काढून राह्यला तू."

त्याचा हात थांबला. "मले तं असाच दिसते, ताई."

"तुले दिसत असन. वावरात तसा नाही. खोटं नको काढू." त्यांनी ती मूठ त्याच्या हातात दिली. "यंदा पांढरा हाय. पांढराच काढ."

त्याने कापूस डोळ्यांच्या अगदी जवळ नेला, बोटांनी उलगडला, सरकी चाचपली. मग सुरी घेतली आणि लावलेला सगळा रंग शांतपणे खरवडून काढला.

"सुधा," तो म्हणाला, "कोणता पांढरा?"

मी एक पाऊल पुढे सरकले आणि बघितलं.